विमान पडलं, बॅटरी मात्र भरलेली! रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानात वीज नेमकी कुठे कमी पडते?

मैदानाच्या टोकाला वळण घेता घेता एक मॉडेल विमान अचानक ऐकेनासं होतं. खाली उभा असलेला पायलट ट्रान्समीटरची स्टिक मागे ओढतो, पण विमान नाक खाली करून सरळ जमिनीकडे येतं. दोन-तीन सेकंदांत कित्येक महिन्यांची मेहनत शेतात विखुरलेली असते. सगळे धावत जातात. कुणीतरी ढिगाऱ्यातून रिसीव्हरची बॅटरी काढून तिला मीटर लावतं. आकडा येतो ५ व्होल्ट. "बॅटरी तर ठणठणीत आहे, म्हणजे सिग्नलच गेला," असा निकाल तिथल्या तिथे लागतो.

हा निकाल अनेकदा चुकीचा असतो. मीटर लावला तेव्हा विमान जमिनीवर पडलेलं होतं आणि बॅटरीकडे कुणीच वीज मागत नव्हतं. हवेत वळण घेताना, सगळ्या मोटरी एकदम खेचत असताना, त्या एका क्षणी बॅटरीवर किती व्होल्ट उरले होते, हे पडल्यानंतरचा आकडा सांगू शकत नाही. मॉडेल विमानातल्या रिसीव्हरला वीज कशी पुरवायची, या प्रश्नाचं सगळं उत्तर या एका क्षणाभोवती फिरतं.

विमानात वीज कोणाकोणाला लागते?

पायलटच्या हातात ट्रान्समीटर असतो आणि विमानात रिसीव्हर. रिसीव्हर हा काड्यापेटीएवढा किंवा त्याहूनही लहान डबा. ट्रान्समीटरकडून आलेला हुकूम तो ओळखतो आणि सर्व्होंकडे पाठवतो. सर्व्हो म्हणजे छोटी मोटर, गिअर आणि एक हात असलेली डबी. पंखावरचे एलेरॉन, शेपटीवरचे एलिव्हेटर आणि रडर हलवण्याचं काम सर्व्होंचं.

रिसीव्हर स्वतः फारच थोडी वीज खातो. खरा खादाड सर्व्हो. तो नुसता बसून असतो तेव्हा त्याचा करंट काही मिलिअँपिअर असतो. हलायला लागला की तो शेकडो मिलिअँपिअरवर जातो. आणि वाऱ्याच्या जोरापुढे किंवा अडकलेल्या सळईमुळे तो जागीच रुतला, तर साधा सर्व्होसुद्धा १ अँपिअरच्या आसपास खेचू शकतो. मोठ्या विमानांतले ताकदवान डिजिटल सर्व्हो त्याच्या कितीतरी पट.

यातली अडचण अशी की ही सगळी वीज बहुतेक विमानांत रिसीव्हरमधूनच वाटली जाते. प्रत्येक सर्व्होला रिसीव्हरकडून तीन तारा जातात: एक सिग्नलची, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. म्हणजे मेंदू आणि स्नायू एकाच ताटात जेवतात. स्नायूंनी एकदम जास्त ओढलं तर मेंदू उपाशी राहतो.

पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा का नव्हता?

रेडिओवर उडणाऱ्या सुरुवातीच्या मॉडेल विमानांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांचं 'गफ'. ते १९३७ साली उडालं आणि आज स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. त्या काळातल्या रिसीव्हरमध्ये व्हॅक्यूम ट्यूब असायच्या. ट्यूबची तार तापवायला एक कमी व्होल्टेजची बॅटरी आणि ट्यूब चालवायला दुसरी जास्त व्होल्टेजची, असा दुहेरी बोजा विमानाला वाहावा लागे.

पण तेव्हा रडर हलवण्याची ताकद बॅटरी देत नव्हती. ते काम पीळ दिलेला रबर बँड करायचा. सिग्नल आला की एक छोटा विद्युतचुंबक खटका सोडायचा आणि रबराच्या जोरावर रडर फिरायचा. बॅटरीचं काम खटक्यापुरतं.

पुढे ट्रान्झिस्टर आले, रिसीव्हर हलके झाले आणि रबराची जागा मोटर असलेल्या सर्व्होने घेतली. रिसीव्हरची भूक कमी झाली, पण स्नायूंचा सगळा भार बॅटरीवर आला. अनेक वर्षं चार निकेल-कॅडमियम सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक हे ठरलेलं समीकरण होतं. चार साधे सर्व्हो आणि मध्यम आकाराचं विमान असेल तर ते पुरायचंही. विमानं मोठी झाली, सर्व्हो डिजिटल झाले, तसं हे समीकरण तोकडं पडू लागलं.

भरलेली बॅटरी 'कमी' कशी पडते?

मोटरसायकलचा हेडलाइट चालू ठेवून सेल्फ-स्टार्टर दाबला की दिवा क्षणभर मंद होतो. बॅटरी संपलेली नसते. स्टार्टरने एकदम मोठा करंट ओढल्यामुळे बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं. स्टार्टर सोडला की दिवा पुन्हा लख्ख. मॉडेल विमानात नेमकं हेच होतं. फरक एवढाच की इथे मंद होतो तो विमानाचा मेंदू.

प्रत्येक बॅटरीला आतून थोडा रोध असतो. तारा, कनेक्टर आणि स्विच त्यात आपापली भर घालतात. करंट गुणिले रोध, तेवढे व्होल्ट वाटेतच हरवतात. एक साधा हिशोब करून पाहू. चार सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक आहे आणि बॅटरीपासून रिसीव्हरपर्यंतचा एकूण रोध ०.२ ओहम धरला.

विमान संथ उडत असताना करंट १ अँपिअर असेल, तर वाटेत ०.२ व्होल्ट जातात आणि रिसीव्हरला ४.६ मिळतात. काहीच अडचण नाही. आता सहा सर्व्हो एकाच वेळी जोरात हलले आणि करंट ६ अँपिअरवर गेला, तर १.२ व्होल्ट वाटेतच संपतात. रिसीव्हरच्या हाती उरतात ३.६ व्होल्ट. स्विच जुना होऊन त्याने आणखी ०.१ ओहमची भर घातली असेल, तर आकडा ३ व्होल्टवर येतो. अनेक रिसीव्हरांचं काम साधारण ३.५ व्होल्टच्या खाली थांबतं.

या सगळ्यात बॅटरी 'भरलेली'च असते. म्हणून किती एमएएचची बॅटरी आहे एवढं पाहून भागत नाही. एमएएच हा टाकीत पाणी किती, याचा आकडा आहे. नळ पूर्ण उघडल्यावर धार किती जोरात येते, हे तो सांगत नाही.

'ब्राउनआउट' म्हणजे काय?

व्होल्टेज पूर्ण जात नाही, पण उपकरण चालण्याइतकंही उरत नाही, त्या अवस्थेला ब्राउनआउट म्हणतात. जुन्या एफएम रिसीव्हरमध्ये असं झालं तर सर्व्हो एखादा झटका द्यायचे आणि व्होल्टेज परतताच काम पुन्हा सुरू व्हायचं. पायलटला वाटायचं, जरा 'गडबड' झाली.

२.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरमध्ये मायक्रोप्रोसेसर असतो. त्याची वीज क्षणभर तुटली की तो कॉम्प्युटरसारखा रीस्टार्ट होतो आणि मग आपला ट्रान्समीटर पुन्हा शोधतो. या तंत्राच्या सुरुवातीच्या काळात काही रिसीव्हरांना यासाठी काही सेकंद लागत. पुढे कंपन्यांनी हा वेळ खूप कमी केला. तरीही ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाणारं विमान सेकंदाला ३० मीटर कापतं. फक्त दोन सेकंदांत ६० मीटर. झाडाच्या उंचीवर उडणाऱ्या विमानाकडे तेवढी जागा नसते.

इथे आणखी एक गैरसमज आहे. "फेलसेफ लावलं आहे, काळजी नको," असं अनेक जण म्हणतात. सिग्नल तुटला तर रिसीव्हर आधी ठरवून दिलेल्या स्थितीत सर्व्हो नेतो, उदाहरणार्थ थ्रॉटल बंद करतो. त्याला फेलसेफ म्हणतात. पण त्यासाठी रिसीव्हर जागा असावा लागतो. सिग्नल गेला तर फेलसेफ कामाला येतं. वीजच गेली तर ते करायला कुणी जागंच नसतं.

कोणती बॅटरी वापरतात?

सध्या चार प्रकार प्रामुख्याने दिसतात.

*निकेल-मेटल हायड्राइड:* एका सेलचे १.२ व्होल्ट. चार सेलचा पॅक ४.८ आणि पाच सेलचा ६ व्होल्टचा. साधे सर्व्हो यावर थेट चालतात, रेग्युलेटर लागत नाही. पण साधे निकेल-मेटल सेल कपाटात पडल्या पडल्या आपोआप उतरतात. मागच्या रविवारी भरलेला पॅक या रविवारी भरलेलाच असेल, असं धरून चालता येत नाही. हा दोष कमी केलेले सेल मिळतात. २००५ साली सान्योने आणलेले एनेलूप हे त्यातलं प्रसिद्ध नाव.

चारऐवजी पाच सेल का घ्यावेत, याचं एक साधं कारण आहे. चारपैकी एक सेल उडाला तर उरतात ३.६ व्होल्ट, म्हणजे विमान कड्याच्या टोकावर. पाचपैकी एक उडाला तरी ४.८ उरतात आणि विमान घरी येतं.

*लिथियम आयर्न फॉस्फेट (लायफे):* दोन सेलचा पॅक ६.६ व्होल्टचा. मोठा करंट देताना व्होल्टेज फारसं खाली बसत नाही आणि लिथियम-पॉलिमरच्या तुलनेत आगीचा धोका कमी. त्यामुळे मोठ्या विमानांत हा लोकप्रिय आहे. एक खोच मात्र लक्षात ठेवायची. याचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून मीटरवर ६.६ दिसले तरी बॅटरी अर्धी आहे की संपत आली आहे, ते कळत नाही.

*लिथियम-पॉलिमर (लायपो):* दोन सेलचा पॅक ७.४ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ८.४. वजनाला हलका, करंट द्यायला दमदार. पण ६ व्होल्टसाठी बनवलेले सर्व्हो याला थेट जोडले तर जळू शकतात. एकतर 'एचव्ही' म्हणजे जास्त व्होल्टेजचे सर्व्हो हवेत, नाहीतर मध्ये रेग्युलेटर.

*लिथियम-आयन:* याचंही व्होल्टेज लायपोच्या जवळपास. सेल धातूच्या कवचात असल्याने तो मजबूत असतो. मात्र मोठा करंट देण्याची क्षमता सेलच्या मॉडेलप्रमाणे बरीच बदलते, ती पाहूनच घ्यावा लागतो.

लिथियमच्या बाबतीत चार्जरवरची सेटिंग हा जिवाशी खेळ आहे. लायपोचा सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतात, लायफेचा ३.६ पर्यंत. लायफे बॅटरी लायपोच्या सेटिंगवर लावली तर ती प्रमाणाबाहेर भरली जाते. फुगलेला लायपो पुन्हा वापरायचा नाही. चार्जिंग विमानाबाहेर आणि डोळ्यांसमोर करायचं, चार्जर लावून झोपायचं नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत बॅटऱ्या ठेवणं हेही त्यांचं आयुष्य कमी करण्याचा हमखास मार्ग.

इलेक्ट्रिक विमानात वेगळी बॅटरी का दिसत नाही?

लहान इलेक्ट्रिक विमानांत मोटरला चालवणारी मोठी बॅटरी असतेच. तिच्यातूनच ५ किंवा ६ व्होल्ट काढून रिसीव्हरला देणाऱ्या सर्किटला बीईसी म्हणतात. बीईसी म्हणजे बॅटरी एलिमिनेटर सर्किट. घरचा ट्रान्झिस्टर रेडिओ सेलऐवजी विजेवर चालवायला ज्यांनी 'एलिमिनेटर' वापरला आहे, त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. रिसीव्हरची वेगळी बॅटरी वाचवणं हेच याचं काम. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीमध्येच ते बहुधा बसवलेलं असतं.

बीईसीचे दोन प्रकार आहेत. लिनिअर बीईसी जादा व्होल्टेजची उष्णता करून टाकतो. तीन सेलचा लायपो पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देतो. त्यातून ५ व्होल्ट काढून २ अँपिअर घेतले, तर उरलेले ७.६ व्होल्ट गुणिले २ अँपिअर, म्हणजे १५ वॉटहून जास्त उष्णता त्या नखाएवढ्या भागात तयार होते. फार तापला की तो स्वतःला बंद करतो. आणि बंद झाला की रिसीव्हरही बंद. दोन सेलच्या बॅटरीवर बिनतक्रार चालणारा ईएससी तीन-चार सेल लावल्यावर दगा देतो, तो यामुळे. स्विचिंग बीईसी वीज वेगाने चालू-बंद करत व्होल्टेज उतरवतो, त्यामुळे उष्णता बरीच कमी होते. सेल जास्त आणि सर्व्हो जास्त, तिथे स्विचिंगच हवा.

बॅटरी संपत आली की ईएससी आधी मोटर बंद करतो, रिसीव्हर चालू ठेवतो. पंखा थांबला तरी विमान तरंगत उतरवता यावं, हा त्यामागचा विचार. त्यामुळे मोटर थांबल्यावर "अजून एक फेरी" मारायचा मोह आवरलेला बरा.

वेगळी बॅटरी किंवा वेगळा बीईसी लावायचा असेल, तर ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन तारांपैकी लाल तार काढून वेगळी करतात. नाहीतर दोन स्रोत एकमेकांवर वीज ढकलत बसतात. पेट्रोल इंजिनच्या विमानांत स्पार्कसाठी असणारी इग्निशनची बॅटरीही रिसीव्हरच्या बॅटरीपासून वेगळी ठेवतात. स्पार्कच्या विद्युत गोंगाटाचा त्रास रिसीव्हरला होऊ नये म्हणून.

दोष नेहमी बॅटरीचाच असतो का?

नाही. कितीतरी विमानं शंभर-दोनशे रुपयांच्या स्विचने पाडली आहेत. इंजिनाच्या थरथरीने स्विचचे संपर्क झिजतात, इंधनाचा चिकट थर आत शिरतो. बारीक तारेची लांबलचक एक्स्टेन्शन, सैल झालेला कनेक्टर, अर्धवट डाग दिलेला सांधा, हे सगळे रोध वाढवतात. जुन्या निकेल पॅकमध्ये निगेटिव्ह तार आतून काळी पडत जाते. वरून आवरण शाबूत दिसतं, आत तांबं गंजलेलं असतं.

सर्व्होंचे छोटे कनेक्टरही फार मोठा करंट वाहण्यासाठी बनलेले नाहीत. मोठ्या विमानांत म्हणूनच बॅटरीकडून रिसीव्हरला एकाऐवजी दोन जोड देतात किंवा वेगळ्या पॉवर बॉक्समधून सर्व्होंना थेट वीज पोचवतात. काही जण रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत कॅपॅसिटर लावतात. क्षणाच्या काही भागापुरता खड्डा तो भरून काढतो, पण कमजोर बॅटरीवर तो इलाज नाही.

एक बॅटरी की दोन?

विमान जेवढं जड, तेवढा हा प्रश्न गंभीर. भारतातल्या २०२१च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांची व्याख्या आहे आणि तिच्यात कमाल वजन २५ किलो धरलं आहे. त्याच्या पाचव्या हिश्श्याचं, म्हणजे ५ किलोचं विमान ताशी ९० किलोमीटर वेगाने आदळलं, तर तो धक्का दहाव्या मजल्यावरून पडलेल्या ५ किलोच्या दगडाएवढा असतो. शिवाय पुढे फिरता पंखा.

अशा विमानांत दोन बॅटऱ्या, दोन स्विच आणि रिसीव्हरपर्यंत दोन स्वतंत्र वाटा ठेवण्याची पद्धत आहे. एक वाट तुटली तरी दुसरी विमान खाली आणते. एका पॅकमधला सेल शॉर्ट झाला तर दुसरा पॅक त्यात रिकामा होऊ नये, यासाठी मध्ये डायोड किंवा तसं सर्किट असतं. मात्र दोन्ही बॅटऱ्या एकाच स्विचमधून नेल्या, तर दुसरी बॅटरी नुसतं वजन वाढवते. स्विच गेला की दोन्ही गेल्या.

उड्डाणाआधी काय तपासायचं?

पहिली गोष्ट, बॅटरी नुसती मोजायची नाही, लोड देऊन मोजायची. १ अँपिअर किंवा त्याहून जास्त लोड देणारे टेस्टर मिळतात. लोड दिल्यावर आकडा किती खाली बसतो, ते पाहायचं. दर महिन्याला तो आकडा लिहून ठेवला, तर बॅटरी म्हातारी होताना दिसते.

दुसरी, रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत मीटर लावून सगळ्या स्टिक एकदम, जोरात फिरवायच्या आणि व्होल्टेज किती उतरतं ते बघायचं. साधा मीटर संथ असतो, क्षणाचा खड्डा त्याला दिसत नाही. टेलिमेट्री असलेला रिसीव्हर उड्डाणातलं सर्वांत कमी व्होल्टेज नोंदवतो. ती नोंद जास्त खरी, कारण ती हवेतली आहे.

तिसरी, दर उड्डाणाचा खर्च काढायचा. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर एक उड्डाण करून पुन्हा चार्ज केलं की चार्जर किती एमएएच परत घातले, ते दाखवतो. समजा १५० आले. बॅटरी २००० एमएएचची असेल आणि निम्मीच वापरायची असं ठरवलं, तर सहा उड्डाणं. सातव्याआधी चार्जिंग.

चौथी, कुठला सर्व्हो जमिनीवर असतानाच घुरघुरतो का, कुठली सळई अडकते का, ते पाहायचं. अडकलेला एक सर्व्हो संपूर्ण उड्डाणभर बॅटरी पीत राहतो.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवलं जातं, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम स्पर्धांसाठी विमानं बांधतात. पंखाचा आकार, वजन, इंजिनाची ताकद यांवर रात्र रात्र चर्चा होते आणि रिसीव्हरची बॅटरी शेवटच्या दिवशी उरलेल्या जागेत कोंबली जाते. खरं तर विमान हवेत असताना खाली उभ्या असलेल्या माणसाचा त्याच्याशी असलेला एकमेव दुवा त्या बॅटरीवर चालतो. पुढच्या वेळी ढिगाऱ्यातल्या बॅटरीवर ५ व्होल्ट दिसले, तर निकाल देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हा आकडा लोडवरचा आहे का?